वाटीमागे एक रेघ

परीक्षेचा हंगाम आला की मला थकवा येतो. परीक्षा माझी नसते. निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. तरी एप्रिल उतरणीला लागला, नांदेडचे रस्ते दुपारी ओस पडायला लागले आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी नर्सिंगच्या पोरी बसची वाट बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकताना दिसल्या, की माझे खांदे आपोआप पडतात. परवा एक पोरगी स्वतःच्याच मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे बघत नाडी मोजत होती, आणि तिची बस निघून गेली. मला हसू आलं. मग उगाचच तिचा रागही आला. असल्या बस चुकवणाऱ्या पोरी घडवण्यात माझा जन्म गेला आणि त्याचा शीण काही अजून उतरलेला नाही.

त्याच संध्याकाळी सुनंदाचा फोन आला. सुनंदा माझी जुनी विद्यार्थिनी, आता इथल्याच एका नर्सिंग कॉलेजात प्राचार्य आहे. म्हणाली, "मॅडम, फर्स्ट इयरच्या पोरी सोमवारपासून वॉर्डात चालल्यात. येऊन जरा समजावून सांगा ना. तुमचं ऐकतात." माझं कुणी ऐकत नाही हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे. पण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. मी हो म्हणाले आणि पंख्याखाली आडवी झाले. पंखा वरची गरम हवा खाली ढकलत होता. चार दिवसांनी नळ आला होता आणि शेजारी कुणीतरी पिंप भरत होतं. त्या आवाजाबरोबर तो एक उन्हाळा आला. दरवर्षी येतो. न बोलावता येतो.

दुष्काळाचा उन्हाळा होता तो. लातूर नुकता कुठे जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला आणि बाकी सगळं कोरडं. छापील कागदांवर जुन्याच जिल्ह्याचं नाव होतं, ते खोडून वर हातानं 'लातूर' लिहायचं, आणि लिहिणारा कारकून ते इतकं ठसठशीत लिहायचा की जणू त्याच्याच पोराचं बारसं आहे. चहाच्या हॉटेलात लोक म्हणायचे, आता आपला जिल्हा, आता सगळं व्हतंय बघा. आणि बाहेर बायका आटलेल्या विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं घागर भरत असायच्या.

मी तेव्हा नांदेडला ट्यूटर होते. विद्यार्थिनींना वॉर्डात उभं करायच्या आधी तयार करायचं आणि उभं केल्यावर त्यांच्या मागे उभं राहायचं, हे माझं काम. दवाखान्यात मला वाघमारे सिस्टर म्हणत, पोरी नुसतं 'बाई' म्हणत. त्या मे महिन्यात आदेश आला: लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी टँकरच्या पाण्यानं गॅस्ट्रोची साथ आहे, दवाखाना पुरत नाही, शाळेच्या इमारतीत तात्पुरता वॉर्ड उघडलाय, दहा विद्यार्थिनी घेऊन जा. एसटीत लोह्यापर्यंत पोरी गाणी म्हणत होत्या. अहमदपूर मागे पडलं तशा गप्प झाल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. काळी जमीन भेगाळून पडली होती आणि बांधावरच्या बाभळीखाली जनावरं नुसती उभी होती, चरत नव्हती.

नांदेडात मी या पोरींना सगळं रीतसर शिकवलं होतं. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा. अंग पुसताना आधी डोळे, मग चेहरा, मग हात, एका वेळी एकच अवयव उघडा. इंजेक्शनचा सराव आम्ही वांग्यावर करायचो. भोसकून भोसकून चाळण झालेली वांगी संध्याकाळी मेसच्या मावशी मुकाट्यानं कापायला घ्यायच्या आणि पोरी भाजी बघून तोंड वाकडं करायच्या. आणि हात धुणं. हात धुण्यावर माझा फार कटाक्ष. वाहत्या नळाखाली, कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून. पुस्तकात तसंच होतं. पुस्तक लिहिणाऱ्यानं वाहता नळ गृहीत धरला होता.

शाळेत नळ होता, पाणी नव्हतं. दिवसाला दोन पिंपं. त्यातलं एक उकळायला जायचं, उरलेल्या एकात हात, भांडी, फरशी, सगळं. मग मी नवी रीत काढली. एकीनं तांब्यातून करंगळीएवढी धार सोडायची, दुसरीनं तिच्याखाली हात धुवायचे, खाली घमेलं ठेवायचं. घमेल्यातल्या पाण्यात फिनेल टाकून फरशी पुसायची. पहिल्या दिवशी करून दाखवायला मी नागरला पुढे बोलावलं.

नागरबाई बिरादार. देगलूरकडची. किडकिडीत अंगाची, पण हात बाप्यासारखे मोठे, आणि अक्षर मात्र गोल, ओळीत बसवलेल्या मण्यांसारखं. घरी जमीनजुमला होता. पोरीनं नर्स व्हावं हे घरात कुणालाच पसंत नव्हतं. चुलता म्हणाला होता, बिरादाराच्या पोरीनं लोकांचं हागनं-मुतनं काढायचं का? आईनं रडून-भेकून बापाला तयार केलं, पण बापानं अट घातली. नागरनं ती मला आल्या आल्याच सांगून टाकली होती. "दादा म्हनलेत बाई, तुजी एक बी तक्रार आली तर त्याच पावली माघारी आनीन, आन् जेठात लगीन लावून टाकीन. म्हनून मला चुकायचंच न्हाई." मी हसून म्हणाले होते, चुकल्याशिवाय शिकतं का कुणी?

मी तांब्या धरला आणि नागरच्या हातांवर धार सोडली. तिनं हात क्षणभर मागे घेतले. अगदी क्षणभर. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं, कारण असले क्षण ओळखायला आम्ही लहानपणीच शिकतो. कंधार तालुक्यातल्या आमच्या गावी माझ्या आईच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जायचं, भांड्याला तिचा हात लागू नये म्हणून. बुद्ध-वंदना म्हणणारं घर होतं आमचं, बाबा शाळेत शिपाई होते, तरी ओंजळ चुकली नव्हती. आणि आता धार माझ्या हातात होती आणि बिरादाराच्या पोरीचे हात खाली. मी पाहिलंय हे नागरला कळलं. ती कानापर्यंत लाल झाली. मग दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "वता बाई." त्या दिवसापासून ती पोरगी माझी झाली. माझ्या मागे मागे असायची. तेलंगणाकडून कामाला आलेल्या बायका तिथं होत्या, त्यांच्याशी बोलता येणारी तीच एक. "नीळ्ळु तागु अम्मा," म्हणत ती म्हाताऱ्यांना पाणी पाजायची आणि त्या तिच्या तोंडावरून हात फिरवायच्या.

त्या वॉर्डाची हवा अजून माझ्या नाकात आहे. ब्लीचिंग पावडर, आंबट दूध, रॉकेलच्या स्टोव्हचा धूर, आणि खिडकीतून येणारा कडुलिंबाच्या मोहोराचा वास, जो तिथं अगदी वेडगळ वाटायचा. चौथीच्या वर्गात वीस खाटा. फळ्यावर कुणीतरी सोडून दिलेला भागाकार तसाच होता. पांढरे गणवेश दोन दिवसांत मातकट झाले, कारण धुणार कशात? सलाईनच्या बाटल्या मोजक्या, त्या अगदी जिवावर बेतलेल्यांसाठी. बाकी लेकरांना मीठ-साखरेचं पाणी, दर थोड्या वेळानं वाटीवाटीनं. किती प्यालं, किती गेलं, याची नोंद डॉक्टरांना हवी असते. त्यावरच ते ठरवतात, सलाईन लावायचं की नाही. पण नोंदीचे छापील तक्ते आले नव्हते. नव्या जिल्ह्याचे छापायला टाकलेत, असं उत्तर मिळालं.

म्हणून मी पाट्या काढल्या. शाळेच्या कपाटात पहिलीच्या पोरांच्या दगडी पाट्या होत्या. प्रत्येक खाटेच्या उशाशी खिळा ठोकून एक पाटी लटकवली. पाण्याच्या वाटीमागे एक रेघ. जुलाबामागे एक फुली. सकाळी रजिस्टरात उतरवून पाटी पुसायची. पोरींना ही रीत एकदम कळली, सगळ्या पाटी-पेन्सिलीवरच वाढलेल्या. आयांनाही कळली. दोन दिवसांनी कुणीतरी मोठे साहेब पाहणीला आले, त्यांनी पाट्या बघितल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ही कल्पना कुणाची? शाब्बास." मी मान खाली घातली, पण आत काय झालं ते मला आठवतं. मी फुगले. आमच्या समाजातून त्या वेळी ट्यूटर झालेली आमच्या भागात मी एकटीच. शाब्बासकीची सवय नव्हती.

आता ते सांगते जे सांगायला मला एवढी वर्षं लागली.

पाट्या लावल्या त्या दिवशी पोरींना गोल उभं करून मी काम समजावलं. एका पाळीला तिघीच, खाटा वीस, प्रत्येक खाटेशी एक रडतं लेकरू आणि एक घाबरलेली आई. मी म्हणाले, "वाटी आईच्या हातात दिली की रेघ मारा आणि पुढच्या खाटेला चला. कुठं थांबत बसू नका." नागरनं विचारलं, "बाई, लेकरू पिऊस्तोर थांबायचं न्हाई का?" प्रश्न बरोबर होता. रुग्णसेवेतला तो पहिला धडा आहे, जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. मीच तो नांदेडात शिकवला होता. पण मी चार रात्री नीट झोपले नव्हते, आणि मला माझ्या उत्तराची खात्री होती. मी म्हणाले, "अगं येडे, या दुष्काळात हातातलं पाणी कोण टाकतंय? चल, लाग कामाला." सगळ्या हसल्या. नागरही हसली.

सोजर नावाची बाई होती, रस्त्याच्या कामावरून थेट आलेली. काखेत वर्षा-सव्वा वर्षाची पोरगी, चिमी. आली तेव्हा पोरगी सुकलेली होती पण रडत होती, आणि रडणारं लेकरू आम्हाला बरं वाटतं. सात नंबरची खाट दिली, वाट्या सुरू केल्या. नागरची पाळी होती. सोजर प्रत्येक वाटी दोन्ही हातांनी घ्यायची, कपाळाला लावायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी पुसल्यापासून दुपारपर्यंत तिच्यावर चौदा रेघा झाल्या होत्या. फुल्याही होत्या, पण रेघा जास्त. पाटी बघून मी पुढे गेले. डॉक्टरांना सांगितलं, सात नंबर ठीक आहे.

तासाभरानं डॉक्टर फेरीला आले. तरुण होते, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. सात नंबरपाशी ते थांबले. पोरगी रडत नव्हती. डोळे अर्धे उघडे, आत गेलेले. टाळू खोल बसली होती. त्यांनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर चिमटीची घडी तशीच उभी राहिली. त्यांनी पाटी वाचली. पुन्हा पोरीकडे बघितलं. "चौदा वाट्या?" ते म्हणाले. "कुठं गेल्या चौदा वाट्या?"

सोजरची सासू तेव्हाच भाकरी घेऊन आली होती आणि परत निघायच्या बेतात होती. तिच्या हातात झाकणाचा डबा होता, भरलेला. नागरचं लक्ष त्याच्याकडे गेलं. तिनं जाऊन झाकण उघडलं, बोट बुडवलं, जिभेला लावलं. मग ती तिथंच खाली बसली. "सोजरबाई, हे काय वो केलात?"

सोजर भेदरली होती. "ढाळ लागल्यावर पानी पाजू नये म्हनत्यात ना बाई. लई पाजलं की लई ढाळ व्हत्यात. आमच्या थोरल्या जावंचं लेकरू तसंच गेलं. मंग म्या वली बोटं लावून राहिले व्हटाला."

"मग मला न्हाई म्हनायचं ना!"

"तुमी एवढ्या मायेनं देऊन राहिलात, न्हाई कसं म्हनावं? आन् फेकावं तरी कसं वो, साकरंचं पानी हाय. घरी दोन लेकरं हायत तहानेली."

म्हणजे माझं म्हणणं खरंच निघालं. हातातलं पाणी कुणी टाकलं नव्हतं.

शीर सापडेना. डॉक्टरांनी घोट्यापाशी कापून शीर शोधली आणि सलाईन लावलं. पोरीनं त्या वेळी हूं की चूं केलं नाही. नागर तिचा पाय धरून उभी होती आणि तिचे ते मोठे हात लटपटत नव्हते, हे मी पाहिलं. काम संपल्यावर डॉक्टर सगळ्यांदेखत ओरडले, "रेघा कुणी मारल्या?"

"मी," नागर म्हणाली.

"पाजलंस?"

"दिलं."

"मी विचारतोय पाजलंस का!"

"न्हाई."

ते माझ्याकडे वळले. "सिस्टर, तुमच्या पोरी खोट्या नोंदी करतात? हेच शिकवता काय?"

एक वाक्य पुरलं असतं. 'मीच तसं सांगितलं होतं.' चार शब्द. मराठी माझी मातृभाषा आहे, तोंडात जीभ होती, आणि नागर माझ्याकडे बघतही नव्हती, म्हणजे तिचाही दबाव नव्हता. मी म्हणाले, "मी बघते, डॉक्टर."

डॉक्टरांनी वर कळवलं आणि दुसऱ्या दिवशी नांदेडहून लेखी अहवाल मागवला गेला. मी लिहिला: 'विद्यार्थिनीने बालकास द्रव पाजल्याचे प्रत्यक्ष न पाहता नोंद केली.' त्यातला शब्दन् शब्द खरा होता. मी स्वतःला समजावलं की विद्यार्थिनीला फार तर समज मिळेल, फार तर सहा महिने मागे जाईल. माझं तसं नव्हतं. माझ्या एका चुकीची वाट बघणारे लोक होते, 'यांना खुर्चीत बसवलं की असंच' म्हणायला टपलेले. माझ्या मागून येणाऱ्या पोरींचं काय? सबबी सगळ्या खऱ्या होत्या, आजही खऱ्या आहेत. त्यांच्यामागे एक घाबरट बाई बसली होती, एवढंच.

अहवालाखाली नागरची सही लागत होती. तिनं कागद वाचला. सावकाश वाचला, माझ्यासमोर. मी वाट बघत होते. खरं सांगते, मला अर्धं असंही वाटत होतं की हिनं आता बोलावं, भांडावं, म्हणजे मला खरं बोलायला भाग पडेल. तिनं पेन घेतलं आणि विचारलं, "सही कुठं करू बाई?"

मी बोट दाखवलं.

नांदेडहून तक्रारीचं पत्र तिच्या घरी गेलं. हे मी गृहीत धरलं नव्हतं; किंवा धरलं होतं आणि विचार केला नव्हता. आठवड्याच्या आत तिचे वडील आले. शाळेच्या फाटकात उभे राहिले, आत आले नाहीत. पटका बांधलेले, उंच. मी बाहेर जाऊन म्हणाले, "दादा, पोरगी हुशार आहे हो, शिकू द्या." ते म्हणाले, "बाई, तुमीच लिवलात ना कागद?" मी मान हलवली. ते म्हणाले, "मंग झालं तर." नागर पत्र्याची पेटी घेऊन आली. गणवेश घडी करून तिनं माझ्या हातात दिला, सरकारी होता म्हणून. वॉर्डाच्या खिडकीकडे एकदा बघितलं. चिमी तेव्हा अजून सलाईनवरच होती, मान टाकून. "येते बाई," म्हणाली. आणि गेली.

त्याच संध्याकाळी चिमी रडली. डोळ्यांतून पाणी आलं. सुकलेल्या लेकराच्या डोळ्यांत पाणी येणं म्हणजे काय, हे त्या वॉर्डात काम केलेल्यालाच कळेल. डॉक्टर हसले, तिथं आल्यापासून पहिल्यांदा. सोजर पुढचे चार दिवस चमच्याचमच्यानं पाणी पाजत होती आणि प्रत्येक चमचा गिळला की पाटीकडे बोट करून पोरींना हाक मारत होती. मी नियम बदलला होता. आईशी बसायचं, पाणी पाजलं तर ढाळ वाढत नाहीत हे तिला पटवायचं, लेकरू गिळताना बघायचं, मगच रेघ. पोरी नऊच उरल्या होत्या, खाटा वीसच होत्या, तरी जमलं. म्हणजे ते आधीही जमलं असतं.

आणि मग मी या सगळ्याची गोष्ट केली. वर्गात सांगायची गोष्ट. वॉर्डात पाठवायच्या आधी प्रत्येक तुकडीला मी ती सांगत आले: दुष्काळात एका वॉर्डात एका विद्यार्थिनीनं न पाहता रेघा मारल्या, बाळ मरता मरता वाचलं, तिला शिक्षण सोडून घरी जावं लागलं, म्हणून, मुलींनो, जे पाहिलं नाही ते लिहू नका. पोरींच्या अंगावर काटा यायचा. तोंडी परीक्षेत त्यावर प्रश्न असायचा. या गोष्टीनं किती लेकरं वाचवली असतील देव जाणे, वाचवली असतीलच. तिच्यात मीही होते, पण चूक हेरणाऱ्या, नियम सुधारणाऱ्या बाईच्या जागी. सांगून सांगून मलाही ती जागा आपलीच वाटायला लागली होती.

सात-आठ वर्षांनी एका लसीकरणाच्या प्रशिक्षणासाठी देगलूरला गेले होते. परतताना स्टँडवर उभी होते. बाजाराचा दिवस होता. मिरचीच्या पोत्याशेजारी बसलेली एक बाई उठून आली. "वळखलं का बाई?" हातांवरून ओळखलं. अंगानं भरली होती, कपाळ उन्हानं काळवंडलेलं. मी काहीतरी विचारलं, लेकरंबाळं, शेतीभाती. तिनं उत्तरं दिली आणि मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "बाई, ती पोरगी... सात नंबरची. गेली का राहिली?"

मला आधी कळेचना. मग कळलं.

"राहिली गं," मी म्हणाले. "तू गेलीस त्याच संध्याकाळी रडली. धडधाकट घरी गेली."

नागर पोत्यावर बसली. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "मला कुनी सांगितलंच न्हाई वो. रोज दिवा लावताना तिच्या नावानं हात जोडून राहिले मी. म्हनलं, माज्या हातानं गेली ती."

एक पोस्टकार्ड. तेवढंच लागलं असतं. दरवर्षी दीडशे पोरींना तिची गोष्ट सांगायला मला वेळ होता, तिला दोन ओळी लिहायला नव्हता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणायला तोंड उघडलं, की नागर, चूक तुझी नव्हती. पण तीच डोळे पुसत म्हणाली, "तुमी तरी काय करनार बाई. चुकलं माजंच. थांबायला पायजे व्हतं." आणि नांदेडची गाडी लागली. तिनं गर्दीत घुसून मला जागा धरून दिली, खिडकीतून मूठभर शेंगा दिल्या. गाडी हलली. लोकांदेखत कसं बोलणार, असं मी स्वतःला सांगितलं. आता तीही सबब जुनी झाली.

सोमवारी गेले सुनंदाच्या कॉलेजात. आता सगळं झकास असतं. बोलणारा, खोकणारा रबरी पुतळा, हात पुढे केला की आपोआप सुटणारा नळ. साठ पोरी, इस्त्रीचे गणवेश, नव्या वह्या. मला खुर्ची दिली. गुडघे दुखत होते, बसूनच बोलले. तीच गोष्ट सांगितली, तशीच, कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं पाठ आहे. पोरींच्या अंगावर काटा आला. सुनंदानं टाळ्या वाजवायला हात वर केले, एवढ्यात तिसऱ्या रांगेतली एक चष्मेवाली पोरगी उभी राहिली.

"मॅडम, एक विचारू? एवढ्या खाटा होत्या म्हणालात. मग वाटी दिली की रेघ मारायची, असं त्या मुलीला कुणीतरी सांगितलंच असेल ना?"

इतक्या तुकड्या होऊन गेल्या. हुशार पोरी होत्या सगळ्या. कुणी विचारलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "मी सांगितलं होतं."

सुनंदानं त्या पोरीला हातानं खूण केली, बस म्हणून. ती बसली नाही. तिला खोडी काढायची नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. "मग मॅडम, घरी ती का गेली?"

मी उठून उभी राहिले. पोरींनी सवयीनं पेनं उचलली होती.

"कारण मी गप्प बसले," मी म्हणाले. "नागरबाई बिरादार तिचं नाव. देगलूरकडची. चूक तिची नव्हती, माझी होती. लिहून घ्या."